चरे दाखवणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना हातदिवा आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, आणि त्या तड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

गाड्या धुऊन, घासूनपुसून चकाचक करून देणाऱ्या एका शेडमध्ये माझे आयुष्य गेले. शेडच्या मालकीणबाईंनी, सगळे त्यांना वहिनी म्हणत, मला विकत आणले तेव्हा त्यांच्याकडे दोन बादल्या, पाण्याचा एक पंप आणि पॉलिशचे एक मशीन होते. माझे काम सोपे होते. उन्हात झोकात मिरवणारी गाडी माझ्या उजेडात आली की तिचे पितळ उघडे पडे. केसाएवढा चरासुद्धा माझ्यापासून लपत नसे.

वहिनींची एक रीत होती. गाडीला पाणी लावण्याआधी त्या मला हातात घेत आणि गाडीच्या मालकाबरोबर गाडीभोवती एक फेरी मारत. प्रत्येक चऱ्यापाशी थांबून विचारत, "हा काढायचा, की राहू द्यायचा?" एखादा खोल असला तर स्पष्ट सांगत, "हा पत्र्यापर्यंत गेलाय. निघेल असं खोटं सांगणार नाही." अर्धा तास जाई. लोक कुरकुरत, पण तेच लोक पुढे आपल्या शेजाऱ्यांना घेऊन येत. वहिनी म्हणत, "माझी अर्धी कमाई या दिव्याची आहे." मी फुगून जात असे.

धंदा वाढला. गिऱ्हाईक आणि फोन सांभाळायला वहिनींचे धाकटे दीर आले. माणूस गोड आणि कष्टाळू, पण नकार द्यायचा म्हटले की त्यांच्या जिवावर येई. "पाच मिनिटांत करतो," हे त्यांचे पालुपद, म्हणून सगळे त्यांना 'पाचमिनिटे' म्हणत. दोन गाड्यांच्या वेळात ते तीन घेऊन बसत.

एकदा ते म्हणाले, "वहिनी, ती फेरी बंद करा बघू. चरा दिसला की काढायचा. त्यात विचारायचं काय?"

बाहेर गाड्यांची रांग होती. वहिनी म्हणाल्या, "बरं, एवढा आठवडा." त्या आठवड्याचे दोन महिने झाले.

एके दिवशी एक बाई जुनी करडी गाडी घेऊन आल्या. दाराच्या कुलपावर अंगठा ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, हे इथलं जरा..."

"काळजीच सोडा, ताई! नवीकोरी करून देतो," असे म्हणत पाचमिनिट्यांनी किल्ली घेतली आणि वाजणारा फोन उचलला. बाई थोडा वेळ थांबल्या आणि निघून गेल्या.

ते दार वहिनींनी स्वतः केले. कुलपाभोवती बारीक चऱ्यांचा गुंता होता. मी तो लख्ख दाखवला. "कुणाचा हात एवढा थरथरत असेल?" असे पुटपुटून त्या क्षणभर थांबल्या. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि त्यांनी मशीन सुरू केले. इतके सफाईदार काम मी कधी पाहिले नव्हते. सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान वाटला.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांचा अंगठा थेट कुलपाकडे गेला.

"इथले चरे?"

"काढले की सगळे!" पाचमिनिटे खुशीत म्हणाले.

"माझ्या बाबांचे होते ते." बाई हळूच म्हणाल्या. "हात थरथरायचे. गाडी चालवणं सुटलं, पण कुलूप रोज तेच उघडायचे. दहा मिनिटं लागायची. मी चिडायचे त्यांच्यावर. आता ते नाहीत. सकाळी तेच सांगत होते मी, की एवढं राहू द्या."

वहिनींच्या हातातून मी सुटलो. काच तडकली. त्यांनी मला उचलले आणि त्या दारापाशी गुडघ्यांवर बसल्या. जन्मभर चरे पुसणाऱ्या वहिनी माझ्या उजेडात एक तरी चरा शोधत होत्या. मीही जिवाच्या आकांताने शोधला. काहीच उरले नव्हते.

"उठा," बाई म्हणाल्या. "काम छान झालंय तुमचं."

इतकी जिव्हारी लागलेली शाबासकी मला दुसरी आठवत नाही. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या पुन्हा कधीच आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून फेरी पुन्हा सुरू झाली. गाड्या कमी घेतल्या जाऊ लागल्या. आता फेरी पाचमिनिटेच मारतात आणि चांगला पाऊण तास लावतात. कामाला नवे, पांढऱ्या उजेडाचे दिवे आले आहेत. मी फेरीपुरता उरलो आहे, एरवी खिळ्यावर धूळ खात असतो.

मध्यंतरी वायरमन आला होता. मला हातात घेऊन म्हणाला, "वहिनी, काच बदलू का याची?"

"विचारलंस ते बरं केलंस," वहिनी म्हणाल्या. "राहू दे."

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, स्वच्छ ठेवा. पण दुसऱ्याचे काही पुसण्याआधी दोन घटका थांबा. मी चरा फक्त दाखवू शकतो. तो कुणाचा आहे, हे तुम्हालाच विचारावे लागते.