समोवार तुम्हालाच शोभतो

योपला सहलीला न्यायचं कोणाच्याच मनात नव्हतं. तो आला तो फरंगीसच्या जिभेमुळे.

योप शेजारचा. वय एकाहत्तर, बायको वारलेली, उभं आयुष्य नदीवरचा पूल बोटींसाठी उघडण्यात नि पुन्हा मिटण्यात गेलेलं. शनिवारी सकाळी फरंगीस दारात पायपुसणं झटकत होती, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "उद्या रविवार. कुठे निघालात का?"

"नदीवर," ती म्हणाली. "नवरोजचा, आमच्या नववर्षाचा, तेरावा दिवस ना! तुम्हीही चला की आमच्याबरोबर."

आता हे काय आमंत्रण होतं का? तिकडे इराणात, शिराझमध्ये, असं माणूस वाटेत भेटलेल्या दहा जणांना म्हणतो. दहाच्या दहा जण छातीवर हात ठेवून म्हणतात, "तुमची सावली कायम राहो, पुन्हा कधीतरी." झालं, दोघांची शोभा राहिली. पण योपनं खिशातून डायरी काढली, पेन्सिलीचं टोक तपासलं नि विचारलं, "किती वाजता?"

नवऱ्याला, सियामकला, हे कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, सहा वर्षं झाली इथे येऊन! या लोकांना बोलावलं की ते येतात, एवढं कळू नये तुला?"

"आणि परवा पोस्टमनला जेवायला थांबा म्हणून कोण म्हणालं होतं?" फरंगीस फिस्कारली. पोस्टमन खरंच थांबला होता, नि दोनदा भात घेतला होता.

तर ठरल्याप्रमाणे बाराच्या ठोक्याला योप सायकलवरून नदीकाठी हजर. वारा असा की चटईच्या चारही कोपऱ्यांवर चार माणसं बसवावी लागली. म्हणजे फरंगीस, सियामक, तेरा वर्षांची नेगार आणि हा पाहुणा. तेराव्या दिवशी घरात बसणं अशुभ, म्हणून हॉलंडमधल्या डेव्हेंटरच्या त्या करड्या आभाळाखाली चौघं कुडकुडत बसले. अंकुरलेल्या गव्हाची हिरवी थाळी नेगारनं नदीत सोडली, साडेसाती गेली असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले, नि जेवण वाढलं.

"भात उत्तम," योप म्हणाला. "मांस थोडं खारट आहे."

फरंगीसनं उचललेला घास परत ताटात ठेवला. नेगार खाली मान घालून हसली. मुलगी सातव्या वर्षी या देशात आली होती, तिला यात काही वावगं वाटलं नाही. खारट होतंच ते.

मग चहा. चहा म्हणजे समोवार आलाच. पोटात निखारे, भोवती पाणी, डोक्यावर चहाची छोटी किटली, असा तो फरंगीसच्या आजीपासूनचा पितळी समोवार. सहा वर्षांपूर्वी विमानतळावर आईनं, तूबाखानमनं, तो तिच्या हातात दिला होता. "घेऊन जा, तुझ्याकडेच शोभतो." फरंगीस तीनदा नको म्हणाली, आई चारदा घे म्हणाली, नि समोवार डेव्हेंटरला आला. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तो कपाटावर बसायचा नि एक दिवस नदीवर यायचा.

योप त्याच्याभोवती दोनदा फिरला. गुडघ्यावर बसून तोटी पाहिली, ती ठिबकत होती. "काय सुंदर वस्तू आहे!" तो म्हणाला. हे मात्र मनापासून म्हणाला, कारण खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

आणि फरंगीसच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच घ्या! तुमच्यापुढे त्याची काय किंमत?"

"खरंच?"

"अहो, खरंच! तुम्हालाच शोभतो."

इथे समोरच्यानं म्हणायचं असतं, छे छे, धन्याकडेच शोभतो. लहान पोरालासुद्धा हे शिकवावं लागत नाही. योपनं दोन मिनिटं विचार केला, मग फरंगीसचा हात हातात घेऊन जोरात हलवला. "फार आभारी आहे. इतकी मोठी भेट मला कोणी दिली नव्हती."

निखारे त्यानं नीट वाळूत विझवले, समोवार सायकलच्या पुढच्या पेटीत बसवला, त्याला स्वतःचा मफलर गुंडाळला नि घंटी वाजवत निघून गेला. तिघं चटईवर बघत बसली. चौथा कोपरा मोकळा झाला होता, तो फडफडत राहिला.

"मामान," नेगार शेवटी म्हणाली, "तू त्याला आजीचा समोवार का दिलास?"

"मी दिला नाही!" फरंगीस ओरडली. "मी फक्त घ्या म्हटलं!"

हे एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण अकरा दिवसांनी तूबाखानम येणार होती. सहा वर्षांत तीन वेळा व्हिसा नाकारला होता, आता कुठे चौथ्यांदा मिळाला. आई घरात पाऊल टाकणार, शाल काढणार नि पहिला शब्द 'चहा' म्हणणार. आणि समोवार कुठे? तर शेजाऱ्याला दिला, ज्याला बटाट्यापलीकडे काही ठाऊक नाही! आईच्या आईची वस्तू! तूबाखानम रागावणार नाही, रागावली असती तर बरं. ती नुसतं "बरं केलंस, जान" म्हणेल नि खिडकीबाहेर बघत बसेल.

"जाऊन माग की परत," नेगार म्हणाली.

"दिलेली वस्तू परत मागू? त्यापेक्षा जीव गेलेला बरा."

"मग कुरकुरू नकोस."

या देशात वाढलेली मुलं ही अशी.

त्यात योपनं समोवार ठेवला कुठे, तर रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत. इथल्या खिडक्यांना पडदे नसतात. आपल्याकडे लपवायला काही नाही, असं दाखवायची यांना हौस. फरंगीस पाव आणायला निघाली की समोवार दिसे, पाव घेऊन आली की दिसे. योपनं तो घासून असा लखलखीत केला होता की उन्हात डोळे दिपत. सहा वर्षांत तिनं तो एकदाही घासला नव्हता, हे आणखी एक दुखणं.

तिसऱ्या दिवशी सियामक म्हणाला, "बाई, हे पुरुषाचं काम आहे. वळसा घालून बोलायचं, कळू न देता." अर्धा किलो पिस्ते घेऊन तो गेला. पाऊण तासानं आला. हातात पिस्ते नव्हते, समोवारही नव्हता.

"काय झालं?"

"मी म्हटलं, समोवार एकट्यानं अपुरा वाटतो, नाही का? म्हटलं, त्याला कळेल, की तो आपल्या घरी पुरा होतो."

"मग?"

सियामकनं टोपी काढली नि टक्कल खाजवलं. "त्याला पटलं. म्हणाला, खरंय, वरची किटली हवी."

"सियामक!"

"अगं, मी काय म्हणणार? तुमचीच आहे म्हटलं. तो संध्याकाळी न्यायला येतोय."

आणि सात वाजता आला की! किटलीही गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात, इथे धुपाटणंसुद्धा शेजारी गेलं. जाताना त्यानं एवढंच सांगितलं की पिस्ते चांगले होते, पण त्याचं पोट बिघडलं.

आता फरंगीसनं स्वतः कंबर कसली. ती योपकडे गेली. त्यानं कॉफी केली, बिस्किटांचा डबा उघडून पुढे धरला, तिनं एक घेतलं, नि डब्याचं झाकण टप्पकन बंद झालं. एक कॉफी, एक बिस्किट. पहिल्या वर्षी या झाकणाच्या आवाजानं तिला रडू आलं होतं. आता सवय झाली होती.

"तुम्ही यात चहा करता का?" तिनं खिडकीकडे बघत विचारलं.

"नाही. मी कॉफी पितो."

तिच्या जिवात जीव आला. "म्हणजे तुम्हाला याचा तसा उपयोग नाही."

"काहीच नाही," योप म्हणाला. मग समोवाराकडे वळला. "पण सकाळी ऊन त्याच्यावर पडतं. बायको गेल्यापासून त्या खिडकीत काही ठेवलं नव्हतं."

यापुढे वाघ असता तरी शेपूट घातली असती. "छान दिसतो," फरंगीस म्हणाली. "तुम्हालाच शोभतो." नि बाहेर येऊन तिनं भर रस्त्यात स्वतःच्या दंडाला चिमटा काढला.

गुरुवारी तूबाखानम आली. एवढीशी झाली होती. विमानतळावर फरंगीस तिच्या गळ्यात पडून अशी रडली की नेगारनं सामानाची गाडी चार पावलं लांब नेली. घराच्या रस्त्याला लागल्यावर म्हातारी योपच्या खिडकीपाशी थबकली.

"अगं बाई! यांच्याकडेपण आपल्यासारखाच समोवार आहे. काय लखलखीत ठेवलाय बघ." मग गालात हसून, "आपला आहे ना नीट?"

"दुरुस्तीला दिलाय, मामान. तोटी गळत होती," फरंगीस म्हणाली. सियामकला एकदम खोकला आला.

तूबाखानमनं शाल काढली नि म्हणाली, "चहा." फरंगीसनं विजेच्या किटलीत पाणी उकळून चहा पुढे ठेवला. म्हातारी एक घोट प्यायली. "छान आहे, जान," म्हणाली नि खिडकीबाहेर बघू लागली. फरंगीसला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात योप, दोन्ही हातांत समोवार, किटलीसकट.

"नेगारनं सकाळी सांगितलं, की तुम्हाला हा परत हवाय नि तुम्हाला बोलता येत नाही," तो म्हणाला. "का बोलता येत नाही ते मला समजलं नाही. पण हा तुमचा आहे. तोटीसुद्धा दुरुस्त केलीय."

फरंगीसनं लेकीकडे पाहिलं. लेक मोज्यांकडे बघत होती. खोट्याचं खरं झालं म्हणायचं, तोटी दुरुस्तच होऊन आली होती! फरंगीसच्या डोळ्यांत पाणी आलं. हात पुढे केले. पण मध्येच तूबाखानम उठून दाराशी आली.

"हा शेजारी ना? काय म्हणतोय?" तिनं नेगारला विचारलं.

नेगारनं आधीचं सगळं गिळून एवढंच सांगितलं, "म्हणतो, समोवार सुंदर आहे, पण तुमचा आहे, घ्या."

पाहुणा दारात उभा, हातात जड वस्तू, नि वस्तूचं कौतुक करतोय! तूबाखानमचं बहात्तर वर्षांचं वळण जागं झालं. हात छातीवर गेला. "त्याला सांग, त्याच्या हातातच शोभतो. आमचं काय नि त्याचं काय, घेऊन जा म्हणावं. त्यालाच अर्पण."

"आजी, नको ना..."

"सांग म्हणते ना!"

आणि नेगारनं सांगितलं. शब्द न् शब्द.

योपनं भुवया उंचावल्या. घरात सगळ्यांत वडील कोण, हे त्याला दिसत होतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "फार आभारी आहे." नि वळला.

फरंगीसनं आईचा चेहरा पाहिला. हसू ओठांवर तसंच होतं, पण डोळे समोवाराबरोबर पायऱ्या उतरत होते. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. नदीकाठी तो तिचाच होता.

"थांबा!" ती ओरडली. समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. "नेऊ नका! मला तो हवाय! माझ्या आजीचा आहे, मला द्यायचा नव्हता, मी नुसतं म्हटलं होतं! परत द्या!"

सियामकनं डोळे मिटून घेतले. सहा वर्षांत, नव्हे चाळीस वर्षांत, तिनं असं काही उच्चारलं नव्हतं. जमीन दुभंगली नाही. योप वळला, वर आला नि समोवार तिच्या हातात ठेवला.

"असं सांगितलं की समजतं," तो म्हणाला. रागावला मुळीच नव्हता. "त्या खिडकीत मी फुलं ठेवीन."

"आत या," फरंगीस म्हणाली. "चहा घ्या. आणि हे मी नुसतं म्हणत नाहीये."

परसात निखारे पेटले, पाणी गुणगुणायला लागलं. योपपुढे बिस्किटांचं अख्खं ताट ठेवलं, तो एक घेऊन झाकण शोधत राहिला. तूबाखानम मात्र लेकीवर फणफणली होती. "लाज नाही वाटली? दारातल्या माणसाच्या हातून ओढून घेतेस?"

मग चहाचा पहिला घोट पोटात गेला. म्हातारीनं पेला दोन्ही हातांत धरला, नि तिचे डोळे भरून आले. पुटपुटली, "सहा वर्षं त्या विजेच्या किटलीतलं पाणी पितेय. त्याला चवच नाही गं."

फरंगीसच्या हातातला खडीसाखरेचा खडा तिथेच राहिला. विमानतळ तिला आठवला. ती तीनदा नको म्हणाली होती. आई चारदा घे म्हणाली होती. आणि तिनं घेतला होता, अगदी योपसारखा, आभार मानून.

"मामान, परत जाताना तू हा घेऊन जा."

"छे गं! तुझ्याकडेच शोभतो."

"घेऊन जा."

"नको म्हणते ना, जान. मी म्हातारी, मला काय करायचाय?"

"घेऊन जा, मामान."

"नको."

तीन झाले. रीतीप्रमाणे फरंगीसनं आता चौथ्यांदा म्हणायचं नि आईनंही चौथ्यांदा नाकारायचं, असं दोघींचं तीन आठवडे चाललं असतं नि समोवार पुन्हा कपाटावर बसला असता. फरंगीस आईच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"मामान, एकदाच सरळ सांग. मला वाईट वाटणार नाही. हवाय की नको?"

तूबाखानमनं सियामककडे पाहिलं, नेगारकडे पाहिलं, त्या उंच परक्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मान खाली घातली. लहान मुलीसारखी लाल झाली.

"हवाय," ती म्हणाली.

योपनं नेगारला कोपरानं ढोसून विचारलं, काय ठरलं? नेगारनं सांगितलं.

"मग बरं झालं," तो म्हणाला नि दुसरं बिस्किट उचललं. "तोटी आता विमानातसुद्धा गळणार नाही."