खंडेनवमीची गाडी

"अगं अगं, पाणी कशाला शिंपडतेस!"

मी ओरडेपर्यंत हर्षालीने तांब्यातलं पाणी वर्गातल्या रोबोट-गाडीवर शिंपडून, हळद-कुंकू वाहून हातही जोडले होते. पाठोपाठ तिने कौतुकाने बटण दाबलं. करपल्याचा वास आला आणि गाडी गप्प झाली.

आमच्या मढ गावात खंडेनवमीला विळ्या-कोयत्यापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांची पूजा होते. "आपलंही हत्यार मांडा गं," असं मीच मुलींना म्हटलं होतं. आता बोलायचं कुणाला?

स्वस्तातली गाडी होती हो. पुठ्ठा, दोन मोटरी आणि जमिनीवरची काळी पट्टी ओळखणारे दोन सेन्सर. पण मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं ते फळ्यावर चित्रं काढून. माझ्या वर्गात खरोखर फिरलेली ही पहिलीच वस्तू! दसरा झाला की हे सामान देणाऱ्या संस्थेची माणसं पाहायला येणार होती. गाडी चालली तर रोबोटचा वर्ग आमच्याकडे राहणार, नाहीतर सामान आळ्याकडच्या शाळेला. आणि जळालेल्या सर्किट बोर्डाच्या जागी नवा पुण्याहून इतक्यात येणं शक्यच नव्हतं.

"बाई, माझ्यामुळं झालं. मी न्हाई येत त्या दिवशी," हर्षाली मुसमुसत म्हणाली.

"का? चोरी केलीस का कुणाची? मुकाट्याने ये."

दसरा झाला, संस्थेचे पाहुणे आले. त्यांच्यातल्या साहेबांनी गाडी उलटीसुलटी केली. त्यांच्या बोटांना कुंकू लागलं.

"ही तर बंदच आहे. मग दाखवणार काय, साधनाबाई?"

एवढ्यात हर्षाली पुढे झाली.

"द्या सर, मी चालवते."

तिने गाडी पट्टीवर ठेवली आणि गुडघ्यांवर बसून बोटाने ढकलू लागली. "हितं पट्टी डावीकडं वळती. डाव्या सेन्सरला काळं दिसतं, मग डावी मोटर थांबती, उजवी पळती." मागे कुणीतरी खिदळलं. तिने मान वर केली नाही. "आन् हितं पट्टी तुटलीय. हितं ती दर बारी चुकायची. ते आमाला अजून जमलं न्हाई."

साहेबांनी ऐकून घेतलं. "पोरगी हुशार आहे," म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सामान उद्या आळ्याला पाठवून द्या."

मी सामान भरायला रिकामं खोकं घेऊन वर्गात आले. हर्षाली अजून बोटाने गाडी ढकलत होती आणि खिदळणारी पोरंही आता तिच्याभोवती उकिडवी बसली होती.

"बाई, थांबा ना," हर्षाली म्हणाली, "एवढं वळण हू द्या."

मी खोकं धरून उभी राहिले.