पुढच्या चाकांचे ब्रेक

घरी बांधलेल्या मोटारीच्या पुढच्या चाकांना कोणते ब्रेक लावावेत, हा प्रश्न मी पनवेल गावाला कधीही विचारला नव्हता. तरी १९५८च्या त्या उन्हाळ्यात गावाने त्याचं उत्तर मला रोज दिलं. मुंबई-पुणे रस्ता गावातून जातो, त्यामुळे प्रत्येकाचा कोणी ना कोणी मेहुणा ट्रक चालवतो, आणि ज्याचा मेहुणा ट्रक चालवतो त्याला ब्रेकमधलं कळतं, अशी इथे समजूत आहे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, हायस्कुलात सोळा वर्षं विज्ञान शिकवतोय. पण माझ्या बायकोला भाऊ नाही. त्यामुळे माझं मत कोणी धरत नसे.

मोटार दोन माणसांची, बसकी, लांब नाकाची. उलटलेल्या एका विलायती गाडीचं इंजिन आणि सांगाडा घेऊन मी ती मागच्या पडवीत दोन वर्षं उभी करत होतो. पत्रा मी स्वतः ठोकला. सगळं झालं, राहिले पुढचे ब्रेक. मूळचे गंजून गेलेले. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून मी एका इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच्या ब्रेकचे ड्रम, म्हणजे ब्रेक ज्यांना आतून धरतो ती चाकातली गोल भांडी, आणले. आत लोखंडी कडं, बाहेर ॲल्युमिनियमचं कवच, आणि कवचाला सभोवार पातळ पाती. वस्तू अशी की दिवाणखान्यात ठेवावी. दुसरा पर्याय काशीराम भोईरने आणला. काशीराम एसटी स्टँडमागे ट्रकचे ब्रेक दुरुस्त करतो. त्याचे ड्रम लढाईतल्या एका लष्करी ट्रकचे होते, आणि दिसायला जात्यासारखे.

"मास्तर, ही पाती कशाला हायेत?" त्याने विचारलं.

"वारा लागून ड्रम निवतो. घाटात ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत. समजलं?"

"तापतात त्ये मला नाय म्हाईत व्हय? वीस वर्सं दुसरं काय करतो मी? माझं ऐका, ह्यो ट्रकचा बसवा. मार खाल्लेला हाय, अजून खाईल."

"माझ्या गाडीला मार कोण देणार आहे?"

"रस्त्यावर जानार ना? मंग रस्त्यावर मानसं असतात."

याला मी युक्तिवाद मानत नाही. मी फळ्यावर गणित मांडलं: गाडीचं वजन, घाटाचा उतार, पात्यांचं क्षेत्रफळ. काशीरामने ते शेवटपर्यंत पाहिलं, 'बरं' म्हणाला, आणि पातीवाले ड्रम बसवून दिले. त्या 'बरं'चा मला आजही राग आहे.

घरी बांधलेल्या मोटारीसाठी सरकारकडे नियम नव्हता. नियम नसला की साहेब स्वतःच नियम होतो. तपासणीचे गुप्तेसाहेब म्हणाले, "खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत घाट उतरवा. मी शेजारी बसतो. खाली पोहोचल्यावर सांगेन त्या जागी थांबवून दाखवा. थांबली तर नंबर देतो." आणि नंबर नाही मिळाला तर मोटार भंगारात देऊन पडवी मोकळी करीन, असा शब्द मी भामाला, म्हणजे बायकोला, देऊन बसलो होतो. शब्द दिला तेव्हा मोटारीला चाकंही नव्हती. तेव्हा शब्द देणं सोपं होतं.

"अहो, ते काशीरामभाऊ काय म्हणतात ब्रेकचं?" निघताना भामाने विचारलंच.

"काशीरामला गुरुत्वाकर्षण ठाऊक नाही."

"घाटाला तरी तुमचं गणित ठाऊक आहे का?"

मी मोटार बाहेर काढली.

सोमवारी सकाळी आम्ही खंडाळ्याहून निघालो. मी, शेजारी मांडीवर फाइल घेतलेले गुप्तेसाहेब, आणि मागे आपल्या ट्रकमध्ये काशीराम. ट्रकमध्ये त्याने ओढायचा दोर मला दिसेल असा ठेवला होता. घाट कसा उतरला ते मी सांगणार नाही, कारण सांगण्यासारखं काही झालंच नाही. प्रत्येक वळणावर ब्रेक धरले. एकदाही गाडी तिळभर वाकडी गेली नाही. अर्ध्या घाटात गुप्तेसाहेबांनी फाइलवरचा हात काढून दाराच्या कडेवर ऐटीत ठेवला आणि म्हणाले, "छान आहे हो." दोन वर्षांत हे शब्द मी प्रथमच ऐकत होतो.

खोपोलीला घाट संपतो तिथे गुणाबाईचं चहाचं हॉटेल आहे. घाट उतरलेली प्रत्येक गाडी तिथे थांबते. गाडीवाला चहा मागवतो, आणि गुणाबाईचा भाऊ दादू बादली घेऊन चाकांवर पाणी मारतो. चर्र होतं, वाफ निघते, सगळ्यांना बरं वाटतं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हे असंच आहे.

आम्ही थांबलो. गुप्तेसाहेब चहाला उतरले, मीही उतरलो. अजून फक्त एकदा थांबवून दाखवायचं होतं. बशीत ओतलेला चहा मी तोंडाला लावला, तेवढ्यात पुढून चर्र झालं. आणि त्यानंतर तड् असा एक आवाज. मग दुसऱ्या बाजूने तसाच.

"बसा," गुप्तेसाहेब म्हणाले. "त्या वडापाशी थांबवा."

मी वडापाशी ब्रेक दाबला. पायाखालचं पेडल थडथडलं, गाडी उजवीकडे ओढली गेली, बाकडं आडवं करून गुणाबाईच्या सरपणाच्या ढिगात शिरली आणि सरपणाने थांबवली. चाकं काढून पाहिलं. आतलं लोखंडी कडं दोन्ही बाजूंना तडकलेलं. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं तर काय होतं, ते मी दरवर्षी नववीला शिकवतो.

"कोणी सांगितलं पाणी मारायला?" मी ओरडलो. "वाऱ्याने निवणारे ड्रम आहेत ते! विलायतेत कोणी बादल्या घेऊन उभं राहतं का रस्त्यावर?"

दादू घाबरला नाही. "मी इचारलं ना तुमाला, मारू का पानी म्हनून. तुमी बोल्ले, मार."

"मी?"

"चहा पीत व्हते. मान बी हलवली," गुणाबाई चुलीपासून म्हणाली. "आनि बाकड्याचं काय, मास्तर?"

मी गुप्तेसाहेबांना बजावलं की ब्रेक घाटात पास झाले आहेत, नापास झाली आहे ती बादली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइलवर 'पुढील ब्रेक: नापास' असं लिहिलं. मग म्हणाले, "पुढच्या सोमवारी पुन्हा आहे मी. दुसरे कोणतेही लावून आणा. त्यानंतर मात्र नाही."

दोराने बांधून काशीरामने मला पनवेलकडे ओढायला सुरुवात केली. मी मागे मोटारीत, हातब्रेक धरून. रस्त्यात भेटणारे मेहुणे हॉर्न वाजवून जात होते. चौक गावापाशी काशीराम थांबून माझ्याकडे आला. हसेल असं वाटलं होतं. हसला असता तर मला भांडता आलं असतं.

"ट्रकचे बसवू?"

"आठ दिवसांत होईल?"

"माप जुळवून देतो. पन त्या ड्रमला चाक मोठं येनार, मास्तर. वरचा मडगार्ड कापावा लागेल. येवढा." त्याने बोटांनी दाखवलं. वीतभर.

तो मडगार्ड मी चार महिने ठोकला होता. मोटारीत काही देखणं असेल तर ती मडगार्डची ओळ होती. नाकापासून निघून दारापर्यंत एका श्वासात जाणारी. उघड्या रस्त्यावर, दोराला बांधलेलो असताना, मला एक गोष्ट कबूल करावी लागली आणि त्याबद्दल मी स्वतःवर अजून चिडलेलो आहे. फळ्यावरचं गणित मी नंतर मांडलं होतं. कुर्ल्याहून ते बारीक ड्रम आणले, कारण ते त्या मडगार्डखाली मावत होते.

"म्हंजे कापायचा नाय ना?" काशीरामने विचारलं. "भंगारवाल्याला बोलवू?"

"कापू," मी म्हणालो. "पण पत्र्याला तू हात लावायचा नाहीस. करवत मी चालवणार."

"बरं," काशीराम म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.