जाळीवरचा कागद

मोटारींच्या शर्यतीआधी पाद्रीबाबांनी माइकवर प्रार्थना केली. देवाचे आभार मानले, सैनिकांचे मानले, टायरवाल्यांचे मानले आणि शेवटी स्टॅम्पर सॉसेजचेही मानले. दाजी टोपी छातीशी धरून डोळे घट्ट मिटून उभे होते. ग्रेडी स्टॅम्परसाहेबांनी त्यांना सकाळीच ऐकवलं होतं, "आज पहिल्या पंधरात आलास, तर पुढच्या वर्षीही तुझ्या गाडीवर माझं नाव. नाहीतर तू तुझा, मी माझा."

दाजी म्हणजे रॉइस टॅडलॉक, माझ्या बहिणीचा नवरा. त्यांच्या वयाच्या माणसाला दुसरी कुठली टीम गाडी पुसायलासुद्धा ठेवणार नव्हती. माझं काम प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावर उभं राहून रेडिओवरून त्यांच्या कानात बोलत राहायचं. पट्ट्यांनी सीटला आवळलेल्या ड्रायव्हरला मान वळवता येत नाही. आजूबाजूला कोण घुसतंय ते मी सांगायचं. घरी बहीण बोलते, कामावर भाऊ. दाजींच्या कानांना सुट्टी नाही.

त्या दिवशी स्टॅम्परसाहेबांनी अख्ख्या स्टँडला फुकट सॉसेज वाटली होती, चकचकीत लाल कागदात गुंडाळून. कागदावर साहेबांचा हसरा चेहरा. लोकांनी सॉसेज खाल्ली आणि साहेबांना वाऱ्यावर सोडलं.

अर्धी शर्यत झाली. आम्ही चौदावे होतो.

"वेस्ली, इंजिन तापतंय रे," दाजी रेडिओवर म्हणाले.

मी दुर्बीण लावली. "दाजी, पुढच्या जाळीवर कागद चिकटलाय. हवा आत जात नाहीये."

"कसला कागद?"

"आपलाच. मालक हसतायत."

थांबून कागद काढायचा तर आम्ही पार मागे फेकले जाणार. दुसरा उपाय इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पुढच्या गाडीच्या पार शेपटीला जाऊन चिकटायचं. तिथे वारा तुटतो आणि कागद आपोआप गळून पडतो.

पण साहेबांनीही हट्टाने एक रेडिओ मागून घेतला होता. "कागदाला कोणी हात लावायचा नाही," ते मध्येच बोलले. "टीव्हीवर माझा चेहरा काय मस्त दिसतोय."

"साहेब, इंजिन जळेल."

"जळेपर्यंत तर दिसेल ना?"

"दाजी, तुम्ही पुढे सरका," मी म्हणालो.

आता पुढची गाडी होती टोबी रॅकलीची. गेल्याच महिन्यात दाजींनी त्याला भिंतीवर नेऊन घासलं होतं, आणि परतफेड करीन असं तो कॅमेऱ्यासमोर बोलला होता. त्याच्या कानात बोलणारा लॅमार पर्व्हिस छपरावर माझ्या शेजारीच उभा होता. खाली ड्रायव्हर एकमेकांचा जीव घेतात, वर आम्ही त्यांचे सौदे ठरवतो.

"लॅमार, तुझ्या पोराला सांग, आम्ही फक्त कागद काढायला येतोय. धक्का देणार नाही."

लॅमारने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "गेल्या महिन्यात काय काढायला आला होतात?"

"बहिणीचा नवरा आहे रे माझ्या."

"माझ्या नाही ना." पण त्याने बटण दाबलं आणि टोबीला निरोप दिला. उत्तर ऐकून तो खांदे उडवत म्हणाला, "पोरगा म्हणतो, इतकी भिकार थाप आजवर कोणी मारली नव्हती."

तोवर दाजी टोबीच्या मागे पोचले होते. "जवळ, दाजी. अजून. अजून थोडं." कागद फडफडला, सुटला, उडाला.

"काटा उतरतोय," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात मला कितीतरी महिन्यांनी हसू ऐकू आलं.

आणि टोबीला आरशात आमच्या गाडीचं लाल नाक दिसलं. आता धक्का बसणार या भीतीने त्याने वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, आणि धक्का बसला. दोन्ही गाड्या गिरक्या घेत भिंतीवर आदळल्या. मागे धुराशिवाय काही दिसेना.

"दाजी?"

रेडिओवर नुसती खरखर.

"दाजी, बोला काहीतरी."

"कागद कुठे गेला?" स्टॅम्परसाहेबांनी विचारलं.

लॅमारचं तंबाखू चघळणं थांबलं होतं. टोबीच्या खिडकीचं नेट आधी खाली आलं. माणूस धड असला की ते तो स्वतः खाली टाकतो. आमचं नेट हलेना. मग धुरातून एक हातमोजा दिसला आणि तेही खाली पडलं. मी छपरावरून खाली धावलो.

दवाखान्याच्या खोलीत दाजी मनगटावर बर्फ धरून बसले होते. माझ्या बहिणीचा, व्हर्नाचा फोन वाजत होता, आम्ही दोघंही उचलत नव्हतो. तेवढ्यात साहेब हसत आत आले.

"रॉइस, तो अपघात सगळी चॅनेलं परत परत दाखवतायत. आधी कागदाचा क्लोजअप, मग धडाम. पुढच्या वर्षी आपण एकत्र."

दाजी उभे राहिले. "साहेब, मी..."

"गाडी अशीच चेपलेली ठेवायची. दुकानादुकानासमोर उभी करायची आणि तू शेजारी सॉसेज वाटायची. नवी गाडी चालवायला टोबी रॅकलीला विचारलंय. चपळ आहे पोरगं."

मी तोंड उघडलं. दाजींनी हातानेच मला गप्प केलं.

"साहेब, शर्यतीचा सूट घालूनच उभं राहायचं?"

"म्हणजे काय. हेल्मेटसकट."

दाजी परत खाली बसले. बराच वेळ एकाच हाताने बुटाची नाडी सोडत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "दुकानं उघडतात किती वाजता?"