सासूबाईंची उशी

अर्धांगवायूने सासूबाईंचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांची लेस उशीवर अर्धीच विणून झाली होती. उशीभर टाचण्यांचं रान, आणि कडेने लोंबणारी साठ लाकडी रिळं; रिळांच्या जोड्यांचं सूत टाचण्यांभोवती एकमेकांत पिळत ही लेस विणायची. ही नक्षी त्यांना त्यांच्या सासूने शिकवली होती. कागदावर ती कुठेच नव्हती. मला तर त्यांनी त्या उशीला कधी बोटही लावू दिलं नव्हतं; लांबून बघितलं होतं तेवढंच.

"तू बस," नवरा म्हणाला. "चुकलीस तर आई सांगेलच."

मी उशी त्यांच्या पलंगाशी ओढली आणि दोन रिळं उचलली.

"नाही!"

आजारानंतर त्यांच्या तोंडात एवढा एकच शब्द उरला होता. मी दुसरी जोडी उचलली. "नाही!" एकदा पीळ उलटा पडला, तर त्यांनी डाव्या हाताने पलंग असा बडवला की नणंद स्वयंपाकघरातून धावत आली. माझ्या तळहातांना घाम फुटला. पांढरं सूत मळेल म्हणून मी ते सारखे फडक्याला पुसत होते.

तासाभराने जाळीत एक पान उमटायला लागलं. आधी देठ, मग कड. आणि एकदम लक्षात आलं, बराच वेळ त्या काहीच बोलल्या नव्हत्या. वर बघायचा धीर होईना.

"आई?"

त्या टक्क जाग्या होत्या. माझ्या बोटांकडे बघत होत्या. मग त्यांनी हनुवटीने पुढची जोडी दाखवली.

ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघींनी तीन पानं विणली.