मंगळाच्या दूताचा आवाज

‘पृथ्वी’ म्हणताना मोरेश्वरच्या ओठांचा डावा कोपरा उजव्यापेक्षा किंचित उशिरा मिटत होता. समोर बसलेल्या कुणाला ते कळलं नसतं. पण प्रेमलता प्रॉम्प्टर होती. पडद्याच्या आड उभी राहून ती नवऱ्याला वाक्यं पुरवत असे, आणि त्या नाटकात ‘पृथ्वी’ जागोजागी होती. उशीर दर वेळी सारखाच होत होता, म्हणून तिनं तो योगायोग मानला नाही.

नाटक तिच्या सासऱ्यांनी, केशवरावांनी लिहिलं होतं. मंगळावरून एक दूत यंत्रात बसून येतो आणि माणसांना सांगतो की आमच्याकडे भावना वर्ज्य आहेत, तुम्हीही त्या सोडा. केशवराव पांढुर्ण्याच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची वाक्यं शाळेच्या सूचनांसारखी होती. ‘हे पृथ्वीवासी जनहो, माझ्या वक्षस्थळी हृदय नसून चक्र आहे.’ गणपतीतली नाटकं बघत वाढलेला मोरेश्वर हे वाक्य छातीवर हात ठेवून, गळा दाटून म्हणायचा. केशवराव चिडायचे. यंत्र आहेस तू, यंत्रासारखा बोल, असं रोज बजावायचे. नाटकात शास्त्रज्ञाचं काम करणारा कवडू दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये राबून तालमीला यायचा आणि खांबाला टेकून मजा बघायचा.

“मास्तर,” तो एकदा म्हणाला, “तुमचा मंगळवाला त सासरी निघालेल्या पोरीवानी रडून राहिला ना.”

मग पोळा आला, आणि दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या मध्यात पळसाचं झाड रोवलेलं. पांढुर्ण्याचे ते तोडायला पाण्यात उतरतात, पलीकडून सावरगावचे गोटे मारतात, आणि इकडचेही मारतात. मोरेश्वर कधी जात नसे. त्या वर्षी गेला. कानाच्या वर, उजव्या बाजूला, लिंबाएवढं टेंगूळ घेऊन तो घरी आला. त्याच्या आईनं, कलाबाईंनी, चंडीची भभूत लावली. गोटमारीच्या जखमेला भभूतच लावायची, डॉक्टरकडे जायचं नाही, अशी रीत होती. जो गेला त्याचा देवीवर भरवसा नाही, असं दोन्ही काठांवर मानत.

त्यानंतरच्या तालमीत मोरेश्वरचा आवाज बदललेला होता. ‘पृथ्वी’वरचा तो उशीरही प्रेमलतानं टिपला तो याच तालमीत. चढ नाही, उतार नाही. प्रत्येक शब्द स्वतंत्र, मध्ये थोडी रिकामी जागा. “माझ्या. वक्षस्थळी. हृदय नसून. चक्र आहे.” कवडूसुद्धा हसला नाही. केशवराव खुर्चीतून उठले आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की आता जमलं, हाच तो आवाज. एवढं कौतुक मोरेश्वरच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तेही सगळ्यांना अभिनयच वाटलं.

प्रेमलतानं नागपूरला बी.एस्सी. केलं होतं, विषय प्राणिशास्त्र. घरी आल्यावर डोळ्यात कचरा आहे का बघते असं सांगून तिनं कंदील त्याच्या तोंडाजवळ नेला. डावी बाहुली उजेडानं आकसली. उजवी तशीच मोठी राहिली. तिनं कंदील दूर नेला, पुन्हा जवळ आणला. उजवी तशीच.

डोकं दुखतं का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, थोडं. झोप झाली नाही म्हणून.

ती सासूबाईंशी बोलली. कवटीच्या आत रक्त साचत असेल, नागपूरला न्यायला हवं, हे तिनं सोप्या शब्दांत सांगितलं. कलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

“तू सावरगावची आहेस,” त्या म्हणाल्या. “तुझ्या माहेरच्या गोट्यानं माझा पोरगा पडला, हे तू गावभर सांगशील? लोक काय म्हणतील, पोरगी आपल्या काठाचा झेंडा आमच्या दारात लावून राहिली.”

त्या गावात ते खरोखर तसंच म्हटलं गेलं असतं.

सासऱ्यांशी ती समोरासमोर बोलत नसे, निरोप सासूबाईंकडूनच जाई. तो गेला की नाही ते तिला कळलं नाही. उत्तर मात्र आलं. नाटक होऊ दे, मग पाहू. केशवराव त्या दिवसांत दुसऱ्याच चिंतेत होते. राज्यांच्या पुनर्रचनेचा कायदा मंजूर झाला होता. नागपूर मुंबई राज्यात जाणार, पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहणार. छिंदवाड्याचे अधिकारी या वर्षी गणपतीचं नाटक बघायला येणार होते. इथं मराठीत विज्ञानाचंसुद्धा नाटक होतं हे त्यांना दिसलं पाहिजे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढच्या गणपतीत पडदा कोणत्या भाषेत उघडेल याची त्यांना खात्री नव्हती.

प्रेमलतानं ठरवलं, उद्या स्वतः बोलायचं. दुसऱ्या दिवशी गणपती बसला, घर पाहुण्यांनी भरलं. मग तिनं ठरवलं, आरतीनंतर. आरतीनंतर मोरेश्वर दोन घास नीट जेवला, आणि तिला वाटलं आपण चुकत असू. तसं वाटावं अशी तिचीच इच्छा होती, हे तिला कळत होतं.

नाटकाच्या संध्याकाळी मांडव भरला. पुढच्या खुर्च्यांवर अधिकारी बसले. रुपेरी कागद चिकटवलेल्या पेटीतून मोरेश्वर बाहेर आला आणि बोलू लागला, तेव्हा मागची पोरंही गप्प झाली. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. अधिकाऱ्यांपैकी एकानं मान डोलावली. समोरच्या विंगेतून केशवराव मुलाकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या प्रवेशात मोरेश्वर अडला. प्रेमलतानं वाक्य दिलं. त्यानं ते उच्चारलं, पण शेवटचे शब्द एकमेकांत मिसळले. डावा हात खाली लोंबत होता. तिनं पुढचं वाक्य दिलं नाही. हळूच म्हणाली, “बसा.”

“बसा,” मोरेश्वर प्रेक्षकांना म्हणाला.

मांडवात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, बसलोच हाव ना बे.

तिनं हातातली वही मिटली. ओठ जवळजवळ न हलवता विचारलं, “डोकं फार दुखून राहिलं का?”

“डोकं. फार. दुखून राहिलं का,” त्यानं त्याच सपाट आवाजात म्हटलं, आणि हशा दुप्पट झाला. अधिकारीही हसले. कवडूनं सावरून घ्यायला काहीतरी जोडलं, पण मोरेश्वर त्याच्याकडे वळला नाही. तिच्याकडून पुढचं वाक्य येण्याची वाट बघत तो उभा होता. समोरून केशवराव हातानं खुणावत होते, पुढे, पुढे.

प्रेमलता पडद्याआडून बाहेर आली. दिव्यांच्या उजेडात येताच मांडवातलं हसणं विरत गेलं. दूताला बायको असते हे नाटकात नव्हतं. तिनं मोरेश्वरच्या डाव्या दंडाखाली हात घालून त्याचा भार स्वतःवर घेतला. मग ती सासऱ्यांकडे वळली. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“मामंजी, हा अभिनय नाही. सावरगावचा गोटा लागला यांना, आत रक्त साचून राहिलं आहे. पडदा टाका. मी यांना आत्ताच्या गाडीनं नागपूरला नेते.”