काळ्या कानाची शेळी कोणत्या खणात?

सगळा घोळ भाकरीने केला. भाकरीने आणि खिरीने.

शहापूरच्या पुढे, शेणव्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत जी वाडी आहे, तिथल्या अंगणवाडीत देवकी मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि सेविका अंजूताई रजिस्टरं भरायला बसल्या की पोरांना गोष्ट वाचून दाखवायची. यातलं शेवटचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर दिसलं की तिच्याने राहवत नसे. वाण्याने पुडी बांधून दिली तर आधी कागद वाचून मग हळद डब्यात जाई.

अंगणवाडीत गोष्टीचं पुस्तक एकच, आणि तेही आगापिछा नसलेलं. पुठ्ठा उंदरांनी नेला, शेवटची पानं कुणी नेली देव जाणे. त्यात एक पांढरी शेळी होती, एक कान काळा असलेली. ती कोवळ्या पाल्याच्या नादाने ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडून जाते, मागे साकव मोडतो, ती डोंगर चढत राहते, सांज होते, आणि "शेळीने वळून" इथे पान संपतं. पुस्तकही तिथेच संपतं.

आता "वळून" या शब्दावर पोरांना घरी कसं पाठवणार? म्हणून देवकी नजर पानावरच ठेवायची आणि पुढचं मनाने वाचायची. शेळीने वळून पाहिलं, तिला दुसरी वाट सापडली, ती टुणटुण उड्या मारत घरी आली आणि सगळ्यांनी मिळून भाकरी खाल्ली. पोरं टाळ्या पिटायची. दोन वर्षं हे सुरळीत चाललं. फक्त एवढंच की देवकीला स्वतःला ज्या दिवशी जे खावंसं वाटे, ते शेळीच्या घरी शिजे.

मंगळी तिसरीत होती. धाकट्या बहिणीला, हर्षालीला, सोडायला यायची आणि गोष्ट संपेपर्यंत दारात रेंगाळायची. यंदा तिला धडाधड वाचता यायला लागलं होतं. एक दिवस ती पुढे आली, देवकीच्या हातातून पुस्तक घेतलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मावशे, परवा शेळीनं घरी येऊन भाकर खाल्ली. आज खीर खाते. अक्षरं तर तीच हायत. मंग खाणं कसं बदललं?"

"अगो, रोज भाकर खाऊन तिला कंटाळा नाय येणार?"

"आन 'घरी आली' कुठं लिवलंय? दाव."

देवकीने पुस्तकाकडे पाहिलं, जसं काही त्यानेच उत्तर द्यायचं होतं.

"हितं 'वळून' हाय. पुढं काय नाय," मंगळी म्हणाली. "तू खोटं वाचतेस."

एवढ्यावर थांबली असती तर देवकीने हसून नेलं असतं. पण मंगळीची आई, सावळी, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली. पोरी आजीपाशी ठेवलेल्या. दरसाल शिमग्याला सावळी दोन दिवस वाडीवर येई. यंदा शिमगा येऊन गेला, होळीची राखही उडाली, सावळी आली नाही. भट्टी पेटली होती म्हणे. आणि "शिमग्याला नक्की येते बघ तुझी आई" हे मंगळीला रोज सांगणारी कोण, तर देवकीच. शिमगा गेल्यावर तीच म्हणू लागली, "पावसाच्या आत येते बघ."

"आईचंपन तू मनानंच वाचतेस," मंगळी म्हणाली. हर्षालीचा हात धरला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. खिचडीचं पातेलं खरवडताना देवकीच्या मनात यायचं, हर्षालीच्या वाट्याची खिचडी कोणाला घालू? शेवटी ती झोपडीवर गेली. मंगळी आतून बाहेर येईना. आजी धोंडीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

"मंगळे, मी शहापूरहून खरं पुस्तक आणते," देवकी कुडाच्या भिंतीशी बोलली. "अख्खं. शेवटाचं. मंग येशील?"

"आण," कुड म्हणाला. "मंग बघू."

धोंडीबाईने मान वर केली. "शेळीसाठी शहापूरला जाशील? आमची खरीखुरी शेळी म्हसा गावच्या जत्रंत इकली, तवा कोन नाय आला इचाराया."

शहापुरातल्या वाचनालयात देवकी जन्मात पहिल्यांदा शिरली. चपला बाहेर काढाव्यात की नाही हे कळेना, म्हणून एकाच पायातली काढून थांबली. टेबलामागे नम्रता नावाची पंचविशीतली मुलगी बसली होती. मुरबाडहून रोज एसटीने येणारी, नोकरीत नवीन.

"या मावशी, चप्पल असू द्या. कोणतं पुस्तक हवंय?"

"शेळीचं."

"नाव काय पुस्तकाचं?"

"नाव उंदरांनी खाल्लं."

"लेखक?"

"तेपन त्याच पुठ्ठ्यावर होते."

नम्रताने संगणकाकडे पाहिलं. संगणकावर तीन रिकाम्या चौकटी होत्या: नाव, लेखक, विषय. दोन तर इथेच बाद झाल्या. तिसरीत तिने "शेळी" असं लिहिलं. पडदा भरून गेला. फायदेशीर शेळीपालन. शेळ्यांचे आजार. बंदिस्त शेळीपालन, भाग दोन.

"यातलं आहे का?"

"नाय गो. आमची शेळी पाळायची नाय, हरवायची हाय."

नम्रताने बालविभाग निवडला. आता पडद्यावर जे आलं ते पाहून देवकीला वाटलं, आपला चष्मा बिघडला. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटे स्वल्पविराम, चौकोन, मधेच एक डॉलर. ओळीच्या ओळी.

"ही कोनची भाषा?"

"मराठीच आहे," नम्रता रडवेली झाली. "पूर्वी कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये भरलंय. नव्या संगणकाला ते वाचता येत नाही. मुलांची पुस्तकं सगळी अशीच दिसतात. आणि मी ती मापाने लावून ठेवलीत, मोठी खाली, छोटी वर. छान दिसावीत म्हणून."

नम्रताने पडदा वरखाली सरकवून पाहिला. चौकोनांत शेळी कुठेतरी नक्की होती.

मग नम्रताला आठवलं. कोपऱ्यात, कुंडीखाली एक लाकडी कपाट होतं, लहान लहान खणांचं. आधीच्या ग्रंथपालांनी, भगीरथकाकांनी, प्रत्येक पुस्तकाचं कार्ड हाताने लिहून त्यात लावलं होतं. नम्रताने कुंडी उचलली, देवकीने पदराने धूळ पुसली.

भगीरथकाकांनी विषयही स्वतःच्या मनाने पाडले होते. मुलं नि त्यांच्या आया जसं मागतील तसे. एका खणावर "राजा, मूर्ख", त्याच्या शेजारी "राजा, फार मूर्ख". एकावर "मुलगा, न ऐकणारा" आणि खाली "मुलगा, न ऐकणारा पण त्याचंच खरं निघालेला". देवकीला हा माणूस न बघता आवडला. आणि मग, खालच्या ओळीत, "जनावर, हरवलेलं". त्याचे दोन खण. डावीकडचा "घरी आलेलं". उजवीकडचा "घरी न आलेलं".

"असं का केलं असेल?" देवकीने विचारलं.

"रात्री झोपताना वाचायला रडवणारं नको, असं बायका सांगत असतील," नम्रता म्हणाली. मग तिने दोन्ही खणांवर एकेक हात ठेवला. "बोला मावशी. तुमची शेळी घरी येते की नाही?"

"तेच तर बघाया आलेय."

"पण ते कळल्याशिवाय कार्ड कोणत्या खणात ते कसं कळणार?"

"आन कार्ड मिळाल्याबिगर ते कळणार कसं?"

दोघींचंही बरोबर होतं. नम्रताने मुरबाडला फोन लावला. भगीरथकाका तिथे मुलाकडे राहत. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते मोठ्याने बोलत.

"काका, एक कान काळा असलेली शेळी घरी येते का हो?"

"येते!" काका ओरडले. "न येऊन जाते कुठे? डावा खण!"

देवकीचा जीव भांड्यात पडला. डावा खण गच्च भरलेला. दोघींनी एकेक कार्ड काढून पाहिलं. प्रत्येकावर काकांनी खुणेचं एक वाक्य लिहिलं होतं. करडू आलं, वासरू आलं, लंगडं कुत्रं आलं, कोंबडी पिल्लांसकट आली. चार शेळ्याही आल्या, पण चौघींचे कान पांढरे.

पुन्हा फोन.

"काका, डाव्या खणात नाहीये."

"मग नसेल आली!"

"पण तुम्ही सगळी पुस्तकं वाचलीत ना?"

"सगळी वाचली, म्हणून तर घोटाळा होतो! एक वाचलं असतं तर लक्षात राहिलं असतं!"

नम्रताचा हात उजव्या खणाकडे गेला, तसा देवकीने धरला.

"ऱ्हाऊ दे गो. नसंल इथं ते पुस्तक."

"मावशी, एवढ्या लांबून आलात."

एवढ्या लांबून आली होती, हेच तर. देवकीला वाटलं, जीपमध्ये बसावं, घरी जावं, मंगळीला सांगावं, मिळालं नाही. ते खोटंही झालं नसतं. पण तो कुड तिला दिसत होता, त्याच्या फटीतून बघणारा डोळाही दिसत होता. तिने हात सोडला.

उजव्या खणात कार्डं थोडीच होती. दुसरंच तिचं निघालं. "पांढरी शेळी, एक कान काळा. साकव मोडतो. डोंगरावर राहते. चित्रे फार चांगली. मोठ्याने वाचावे."

कार्डावर नंबर होता. नंबरावरून पुस्तक शोधायला मात्र दोघींना सगळ्या फळ्या रिकाम्या कराव्या लागल्या, कारण आता पुस्तकं उंचीने उभी होती. शेळी निघाली सगळ्यात वर, टीचभर पुस्तकांच्या रांगेत, पुठ्ठ्यासकट. देवकीने नाव वाचलंच नाही, सरळ शेवटचं पान उघडलं.

"शेळीने वळून पाहिले. खाली गावात एकेक दिवा लागत होता. त्यातले आपले घर कोणते, ते तिने ओळखले. मग ती खडकावर बसली."

संपलं. खाली चित्र. निळा डोंगर, पांढरा ठिपका, त्यात एक काळा ठिपका.

"मंग?" देवकी म्हणाली.

"मग काही नाही," नम्रता म्हणाली. "हे चांगलं झालं की वाईट, मावशी?"

देवकीने पुस्तक स्वतःच्या नावावर लिहून घेतलं. शेणव्याच्या नाक्यापर्यंत जीपमध्ये तिने ते पान इतक्या वेळा उघडलं, की शेजारच्या माणसाने, "काय, लॉटरीचं तिकीट ठेवलंय का त्यात?" असं विचारलं. घर ओळखलं तर गेली का नाही? बसली तर का बसली? लिहिणाऱ्याला कंटाळा आला का कागद संपला? आणि आई न आलेल्या पोरीपुढे हे वाचायचं कसं? एकदा तर वाटलं, अंगणवाडीतल्या पुस्तकाची पानं ज्याने कुणी फाडली, तो शहाणा असावा.

झोपडीपाशी आली तेव्हा मंगळी अंगणातच होती. देवकीने पुस्तक पुढे केलं.

"घे. तूच वाच. मी मधी बोलत नाय."

मंगळी पहिल्या पानापासून बसली. हर्षाली तिच्या मांडीवर रेलली. धोंडीबाई ऐकत नसल्यासारखी जवळ सरकली. साकव मोडला, सांज झाली, "वळून" आलं. मंगळीने श्वास घेतला आणि पान उलटलं. वाचलं. मग उरलेला कोरा कागद उलटून पाहिला.

"मंग येते का ती?"

देवकीच्या तोंडात "येते" तयारच होतं, जिभेच्या टोकावर. ते तिने गिळलं. "मला नाय माहीत, गो."

"पुस्तकाला?"

"त्यालापन नाय."

"आन आई?"

देवकीने धोंडीबाईकडे पाहिलं. ती फुलं चाळत होती. "दरसाल पावसाच्या आत येते. यंदाचं मला खरंच नाय माहीत."

मंगळीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं होतं तसं. मग पुन्हा चित्राकडे वळली.

"बसलीय," ती म्हणाली. "मेली नाय, कुठं गेली नाय. दमली, म्हनून बसलीय. आईपन बसूनच विटा पाडते. बसल्याबिगर उठायचं कसं?"

"खरंय बाय," धोंडीबाई म्हणाली.

आता गप्प राहायचं होतं, पण देवकीला गप्प राहणं जमत असतं तर भाकरीचा घोळ झालाच नसता. तिने खणांची गोष्ट सांगितली. डावा, उजवा, आणि शेळी उजव्यात.

"घरी न आलेलं?" मंगळी उसळली. "कोनी लिवलं तसं? सांग त्याला, चुकलंय. अजून नाय आली, असं लिव म्हनावं."

दुसऱ्या दिवशी ती हर्षालीला घेऊन आली. हर्षालीने दोनदा खिचडी घेतली. मंगळीने वहीचं पान कापून केलेलं एक कार्ड देवकीच्या हातात दिलं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: "शेळी, अजून न आलेली." खाली, बारीक: "कान काळा. बसलीय."

पुस्तक परत करायच्या दिवशी देवकीने ते नम्रतापुढे ठेवलं. नम्रताने दोनदा वाचलं, उठली, कपाटापाशी गेली. डावा खण उघडला, मिटला. उजवा उघडला, मिटला.

"मावशी, हे घालू कुठे?"

"मला काय इचारतेस? मी मदतनीस."

मुरबाडला फोन झाला. भगीरथकाका पलीकडून ओरडले, की कपाटाला दोनच खण आहेत, तिसऱ्याचं सुताराला विचारा. शेवटी नम्रताने कार्ड संगणकाला टेकवून उभं केलं, त्या टोप्या नि चौकोनांच्या पुढ्यात. मग हळूच, कुणी ऐकत नाही ना हे बघून, तिने विचारलं, "पण मावशी, खरंच येते का ती?"

देवकीने एक चप्पल पायात घातली, दुसरी शोधू लागली.

"बसलीय," ती म्हणाली.